परतीचं विमान उतारावरून येतं का?

लंडनला राहायला आल्यापासून एक प्रश्न ठरलेला आहे: इथून पॅरिस किती लांब, आणि विमानाला किती वेळ लागतो? तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

सरळ रेषेत अंतर साधारण ३४४ किलोमीटर. मुंबईहून रस्त्याने छत्रपती संभाजीनगर गाठायला जेवढं पडतं, जवळपास तेवढंच. विमान प्रत्यक्ष हवेत असतं ते पाऊण तास, फार तर पंचावन्न मिनिटं. चहा-पाण्याची ट्रॉली मागच्या रांगांपर्यंत पोचते न पोचते तोच पट्टे बांधायला सांगतात. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा थोडा जास्तच वेळ दिसतो, कारण उड्डाणाआधी आणि उतरल्यावर जमिनीवर रांगत जाणंही त्यात धरलेलं असतं.

या तिकिटानेच आमच्या मामांना चक्रावून सोडलं. सांगलीहून फोन. "अरे, जाताना नऊला निघून अकरा वीसला पोचतं, आणि येताना सहाला निघून सहा वीसला? परतीचं विमान काय उतारावरून येतं?"

विमान तेच, ऐंशी मिनिटंही तीच. फक्त तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची छापतात आणि पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे. उन्हाळ्यापुरती इथे घड्याळं तासभर पुढे करतात, पण ती दोन्हीकडे एकदमच, त्यामुळे हा तासाचा फरक वर्षभर कायम. मामांना पटलं, पण "म्हणजे जाताना एक तास बुडालाच की" हे त्यांनी ऐकवलंच.

बुडतात त्याहून जास्त. हीथ्रो लंडनच्या पश्चिम टोकाला, शार्ल द गोल विमानतळ पॅरिसपासून पंचवीसेक किलोमीटर ईशान्येला. घरातून निघणं, तपासणी, तिकडची पासपोर्टची रांग, मग शहरात नेणारी लोकल, असं सगळं धरलं की माझे पाच तास सहज जातात. म्हणून मी रेल्वेवाला. युरोस्टार ही गाडी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून निघते आणि सव्वादोन-अडीच तासांत गार द्यु नोरला, म्हणजे थेट पॅरिस शहरात उतरवते. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनातच उरकते. ब्रिटन आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्राखालचा, इंग्लिश खाडीखालचा बोगदा पन्नास किलोमीटरचा, १९९४ साली सुरू झालेला. वीसेक मिनिटं खिडकीत आपलंच तोंड दिसतं.

शिवाय लोणचं. एका विमानतळावर तपासणीवाल्यांनी हातातल्या बॅगेतली आईच्या हातच्या कैरीच्या लोणच्याची अख्खी बरणी काढून ठेवली. शंभर मिलिलिटरहून जास्त पातळ पदार्थ जवळ ठेवायचा नाही, या तिथल्या नियमात तेलही आलं आणि खारही. युरोस्टारला ती मर्यादा नाही. तेव्हापासून पॅरिसच्या मित्राचं लोणचं रेल्वेनेच जातं.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी एवढं मात्र बघाच: ब्रिटनच्या व्हिसावर पॅरिसला जाता येत नाही, फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. तो एकाच प्रवेशाचा असेल आणि मध्येच लंडनला आलात, तर त्यावर पुन्हा त्या देशांत शिरता येत नाही.

मामांना हे सगळं समजावलं. त्यांनी विमानाचंच तिकीट काढलं. समुद्राखालून जायला मामी तयार नव्हत्या.