मग सगळेच का हरत नाहीत?

मी एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, सामने बघतो हे कळलं की आयपीएलवर वाढलेली मंडळी फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. तिथे लिलाव नाही, बोली नाही. नव्या खेळाडूंना संघांनी ओळीने निवडायचं, याला ड्राफ्ट म्हणतात, आणि ओळीत पुढची जागा कुणाला, तर आदल्या मोसमात सपाटून मार खाल्लेल्याला. मग शहाण्याने तीन-चार वर्षं मुद्दाम हरावं, दरवर्षी पहिला मोहरा उचलावा आणि पुढे दहा वर्षं जिंकत सुटावं. इतकं सोपं असेल तर सगळेच का हरत नाहीत? तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

तर, हरतात. राजरोस हरतात. अमेरिकेत त्याला टँकिंग म्हणतात आणि ते थांबवायला लीग गेली चाळीस वर्षं नियम बदलते आहे. १९८४ पर्यंत पूर्व आणि पश्चिम विभागांतल्या तळाच्या संघांमध्ये पहिल्या निवडीसाठी साधी नाणेफेक व्हायची. त्या मोसमाच्या शेवटी ह्यूस्टनचा संघ मुद्दाम हरतोय अशी बोंब झाली. ह्यूस्टनने नाणेफेक जिंकली आणि हकीम ओलाजुवानला घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर पोर्टलंडने सॅम बोवीला घेतलं, आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोच्या वाट्याला जो आला त्याचं नाव मायकल जॉर्डन. पुढच्याच वर्षी लॉटरी आली, म्हणजे पहिली निवड कुणाची ते सोडत काढून ठरायला लागलं. पहिल्या लॉटरीत पाकिटं होती आणि न्यूयॉर्कचं पाकीट निघालं, म्हणजे पॅट्रिक यूइंग लीगच्या सगळ्यात मोठ्या बाजारपेठेत गेला. ते पाकीट आधी फ्रीजमध्ये ठेवलं होतं, हाताला गार लागावं म्हणून, असं शपथेवर सांगणारे लोक आजही भेटतात.

आता यंत्रात १४ चेंडू असतात, त्यातले चार निघतात, त्यांच्या १००१ चौकड्या होतात आणि एक सोडून बाकीच्या हजार चौकड्या संघांमध्ये वाटलेल्या असतात. सर्वांत वाईट संघाला पूर्वी पहिल्या निवडीची २५ टक्के संधी असे. २०१९ पासून तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४ टक्केच. भिशीत निदान प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतो. इथे तीही खात्री नाही. २०२५ मध्ये डॅलसने अवघ्या १.८ टक्के संधीवर लॉटरी मारली आणि कूपर फ्लॅगला नेलं. हेच डॅलस, ज्याने काही महिन्यांपूर्वी लुका डॉनचिचसारखा खेळाडू लॉस एंजेलिसला देऊन टाकला होता. त्या रात्री गार पाकिटाची आठवण पुष्कळांना झाली असणार.

पण लॉटरी हे माझं खरं उत्तर नाही. समजा, चेंडू तुमच्या बाजूने पडले. तरी हरून संघ बनतोच असं नाही, आणि याचा दाखला म्हणून मी नेहमी फिलाडेल्फिया काढतो.

२०१३ मध्ये सॅम हिंकी तिथे जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू घेणारे-सोडणारे कारभारी, झाले. माणूस आकडेवारीतला, हिशेबी. त्यांचं म्हणणं असं की मधल्या फळीत घुटमळण्यात अर्थ नाही. किताब जिंकायला दोन-तीन असामान्य खेळाडू लागतात आणि आपल्यासारख्या संघाला ते मिळण्याची सगळ्यात मोठी संधी ड्राफ्टच्या वरच्या टोकाला असते. त्यांनी चांगले खेळाडू विकून पुढच्या निवडी गोळा केल्या. तीन मोसमांत संघाने १९, १८ आणि १० सामने जिंकले. २४६ पैकी ४७. तिसरा मोसम संपण्याआधीच, एप्रिल २०१६ मध्ये, मालकांना तेरा पानी पत्र लिहून हिंकींनी राजीनामा दिला. त्यानंतर २०१६ आणि २०१७ अशा लागोपाठ दोन वर्षी पहिली निवड फिलाडेल्फियाकडे आली.

आता हिशेब बघा. पहिल्या तीन वर्षांत त्यांनी नर्लेन्स नोएल, जोएल एम्बीड आणि जलील ओकाफोर अशी तीन उंच माणसं घेतली, तिघंही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे. एका संघात सेंटर खेळतो एक. एम्बीड दुखापतीमुळे पहिले दोन मोसम मैदानावरच आला नाही. पुढे मात्र तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३ मध्ये. २०१७ ला बॉस्टनशी सौदा करून ते तिसऱ्या जागेवरून पहिल्या जागेवर सरकले आणि मार्केल फुल्ट्झला घेतलं. खांद्याचं दुखणं निघालं आणि त्याचा बास्केटवरचा नेम पार हरवला. बॉस्टनने तिसऱ्या जागेवर जेसन टेटमला घेतलं आणि २०२४ मध्ये किताब नेला. हिंकींच्या नावाने अजून आरत्या ओवाळणारा एक पंथ आहे. मी त्यात नाही. गणित चुकलं नव्हतं, असं मलाही वाटतं. पण वीस वर्षांच्या पोराला अशा संघात टाकायचं जिथे शेजारी जाणता खेळाडू नाही आणि जिंकावं अशी कुणाची अपेक्षाही नाही, तर तो तिथे शिकणार काय?

ड्राफ्टची किंमत नेमकी कशात आहे ते ओक्लाहोमा सिटीकडे बघितल्यावर कळतं. याच संघाने हा खेळ दोनदा मांडला, दोन्ही वेळा माणूस तोच, जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी. २००७ मध्ये, तिशीतच, त्यांच्याकडे सूत्रं आली तेव्हा संघ सिएटलचा होता. त्या वर्षी पोर्टलंडने पहिल्या जागेवर ग्रेग ओडनला घेतलं, दुसऱ्या जागेवर यांनी केव्हिन ड्युरँटला. पुढच्या वर्षी चौथ्या जागेवर रसेल वेस्टब्रुक, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्या जागेवर जेम्स हार्डन. तिघंही पुढे एकेकदा लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, २०१४, २०१७ आणि २०१८ मध्ये. सलग तीन वर्षांत इतकी अचूक निवड दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही. (मध्ये सिएटलकरांचं काय झालं तेही सांगायला हवं. ड्युरँटच्या पहिल्या मोसमात त्यांनी ६२ पराभव सोसले आणि २००८ मध्ये संघच उचलून ओक्लाहोमाला नेण्यात आला. झाड लावलं एकांनी, सावलीत बसले दुसरेच.)

आणि किताब? शून्य. २०१२ च्या अंतिम फेरीत मायामीने त्यांना ४-१ ने हरवलं, आणि काही महिन्यांत हार्डन ह्यूस्टनला गेला. कारण पैसा.

इथे आयपीएलवाल्यांनी जरा कान द्यावा. एनबीएत संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, आणि पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या तक्त्यानुसार असतो. असा करार जास्तीत जास्त चार वर्षांचा. पोरगा दुसऱ्याच वर्षी लीग गाजवायला लागला तरी त्याला तक्त्यातलेच पैसे. ड्राफ्टमधून संघाला मिळतात ती ही चार स्वस्त वर्षं. तारा मिळाला तर भाग्य. पण तारा असून स्वस्त असणं हा खरा घबाड योग. चार वर्षं संपत आली की मात्र तो बाजारभाव मागतो, मागायलाच हवा. हार्डनने मागितला. ओक्लाहोमाची तयारी त्याहून थोड्या कमी आकड्याची होती. छोटं शहर, आधीच दोघांना मोठे करार दिलेले. त्याला सोडलं. २०१६ मध्ये ड्युरँट स्वतःच निघून गेला.

दुसरा डाव २०१९ च्या जुलैत सुरू झाला आणि मला हा जास्त आवडतो, कारण यात नशिबापेक्षा बेरीज-वजाबाकी जास्त आहे. पॉल जॉर्ज या मोठ्या खेळाडूला लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे जायचं होतं. प्रेस्टींनी त्याच्या बदल्यात पहिल्या फेरीच्या पाच निवडी घेतल्या, दोन वर्षी निवडींची अदलाबदल करण्याचा हक्क घेतला, आणि वर शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा वीस वर्षांचा पोरगा मागून घेतला. शे २०१८ ला अकराव्या जागेवर निवडला गेलेला, पहिल्या मोसमात सरासरी ११ गुणांच्या आत. २०२४-२५ मध्ये त्याची सरासरी ३२.७ होती, लीगमध्ये सर्वाधिक. म्हणजे ज्या संघाला सगळे ‘ड्राफ्टमधून उभा राहिलेला’ म्हणतात त्याचा सगळ्यात मोठा खेळाडू त्यांनी ड्राफ्ट केलेलाच नाही! लू डॉर्ट आणि अलेक्स कारुसो यांना तर कुठल्याच संघाने निवडलं नव्हतं. आयझाया जोला फिलाडेल्फियाने निवडून सोडून दिलं, यांनी उचललं.

हेही हरले, नाही असं नाही. २०२०-२१ मध्ये २२ विजय, पुढच्या मोसमात २४. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसने त्यांना १५२-७९ असं धुतलं. ७३ गुणांचा फरक, लीगच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. पण दोनच मोसम, आणि त्या दोन मोसमांत शे तिथेच होता, शिकत होता. प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्ट आधी याच संघाच्या धाकट्या संघाला शिकवायचे. म्हणजे पोरांना तयार करणं हेच ज्यांचं काम, त्यांच्याच हातात संघ दिला.

मग आला २०२२ चा ड्राफ्ट. दुसऱ्या जागेवर चेट होल्मग्रेन, सात फुटी, काडीसारखा. तो ऑगस्टमध्येच पाऊल दुखावून पूर्ण मोसम बाहेर बसला. बाराव्या जागेवर, क्लिपर्सकडून आलेल्या पाचांतली एक निवड वापरून, जेलन विल्यम्स. हा सांता क्लारा नावाच्या कॉलेजातून आला, जिथून एनबीएत फारसं कुणी जात नाही. २०२५ च्या अंतिम फेरीत पाचव्या सामन्यात त्याने ४० गुण केले. आणि त्या मोसमातला त्याचा पगार? सुमारे ४८ लाख डॉलर. पगाराची मर्यादा तेव्हा १४ कोटी डॉलरच्या आसपास होती. होल्मग्रेनचा पगार एक कोटी नऊ लाखांच्या जवळ. हे दोघं इतक्या स्वस्तात होते म्हणूनच आयझाया हार्टेनस्टाइनला तीन वर्षांचे ८.७ कोटी देऊन आणणं परवडलं, कारुसो परवडला. ६८ विजय, १४ पराभव, आणि सातव्या सामन्यात इंडियानाला हरवून किताब. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. कामावर जाणाऱ्यांची पंचाईत झाली.

त्या अंतिम फेरीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. इंडियानाचा मुख्य खेळाडू टायरीस हॅलिबर्टन. त्याला २०२० मध्ये बाराव्या जागेवर निवडलं होतं सॅक्रमेंटो किंग्जने, ज्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रमेंटो आणि इंडियाना यांचे दोन सामने झाले होते ते आठवत असतील. याच सॅक्रमेंटोने २०१८ मध्ये दुसऱ्या जागेवर मार्व्हिन बॅग्लीला घेतलं होतं, डॉनचिच समोर असताना. बरं, हॅलिबर्टनच्या वेळी निवड अगदी अचूक झाली, तर दीड वर्षात त्याला इंडियानाला देऊन टाकला. बदल्यात दोमांतास साबोनिस आला आणि सोळा मोसमांनंतर संघ बाद फेरीत पोहोचला, तेव्हा सौदा अगदीच वाया गेला असं म्हणवत नाही. पण वर्षानुवर्षं वरच्या निवडी मिळूनही संघ तळाशी कसा राहू शकतो हे बघायचं असेल तर सॅक्रमेंटोसारखं उदाहरण नाही.

दुसऱ्या फेरीबद्दल थोडक्यात: तिथे सोनं क्वचित सापडतं. डेन्व्हरला २०१४ मध्ये ४१ व्या जागेवर निकोला योकिच सापडला. त्याचं नाव जाहीर झालं तेव्हा अमेरिकी टीव्हीवर जाहिरात चालू होती. पंजाबचा सतनाम सिंग पुढच्या वर्षी ५२ व्या जागेवर डॅलसकडे गेला, भारतात जन्मलेला पहिलाच. त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. बावन्नाव्या जागेवरच्या बहुतेकांचं असंच होतं.

आता ओक्लाहोमाचं घड्याळ पुन्हा वाजतंय. किताबानंतर महिन्याभरात शे, होल्मग्रेन आणि विल्यम्स यांच्याशी जे नवे करार झाले त्यांची बेरीज ८० कोटी डॉलरच्या वर जाऊ शकते, आणि २०१२ पेक्षा आता जास्त खर्च करणाऱ्यांवरचे नियम कडक आहेत. धाकट्या दोघांचे मोठे पगार २०२६-२७ पासून सुरू. म्हणजे पुन्हा स्वस्तातली पोरं हवीत. स्वतः जिंकत राहिल्यावर स्वतःची निवड पार शेवटी येते, म्हणून दुसऱ्यांच्या निवडी हव्यात. त्या प्रेस्टींनी साठवून ठेवल्या आहेत. २०२४ मध्ये त्यांनी बाराव्या जागेवर निकोला टोपिचला घेतलं, गुडघा दुखावलेला असताना. वर्षभर बसवायला लागला तरी चालेल, ही चैन त्यांनाच परवडते.

आणि तुमचा प्रश्न अगदीच फोल नाही, हेही सांगतो. २०२५ ची फिलाडेल्फियाची पहिल्या फेरीची निवड जुन्या एका सौद्यात ओक्लाहोमाला कबूल केलेली होती, पण अट अशी की ती पहिल्या सहात आली तर फिलाडेल्फियाकडेच राहणार. एम्बीड त्या मोसमात १९ सामनेच खेळू शकला, बाकीचेही जायबंदी, आणि मोसमाच्या शेवटी हा संघ जिंकायचा प्रयत्न करतोय असं म्हणण्याची कुणाची हिंमत नव्हती. ५८ पराभव. तरी निवड हातची जाऊ शकत होती. चेंडू पडले, तिसरी जागा मिळाली आणि त्यांनी व्हीजे एजकॉम्बला घेतलं. त्या वर्षी फिलाडेल्फिया हरली नसती, तर नुकतंच जग जिंकलेल्या ओक्लाहोमाच्या भांडारात आणखी एक वरची निवड जमा झाली असती.