डोसिंग पंपासाठी मॉडबस इंटरफेस: माझा अनुभव

डोसिंग पंपाच्या (मोजून द्रव सोडणाऱ्या पंपाच्या) कंट्रोलरला मॉडबस आरटीयू (सिरियल तारेवरून उपकरणांनी बोलायचा प्रोटोकॉल) जोडायचं असलं की रजिस्टरचा (आकडे ठेवायच्या, पत्ता असलेल्या खणांचा) तक्ता मी नंतर करतो. आत येणाऱ्यातलं काय डेटा आणि काय कमांड, हे आधी ठरवतो. सेटपॉइंट, म्हणजे गाठायचं ठरवलेलं मूल्य, हा डेटा. तोच आकडा दहादा लिहिला तरी बिघडत नाही. ‘५० मिली सोड’ ही कमांड, आणि ती दोनदा पोचली की टाकीत १०० मिली जातं.

आणि ती दोनदा पोचतेच. पंप सुरू होतो, पण उत्तराची फ्रेम (संदेश) तारेवरच्या नॉइजमध्ये खराब होते. मास्टर (कमांड पाठवणारं उपकरण) टाइमआउटपर्यंत थांबतो आणि तीच फ्रेम पुन्हा पाठवतो. सीआरसी (फ्रेम खराब झाली का ते सांगणारा तपासणीचा आकडा) दोन्ही वेळा बरोबर, त्यामुळे तो इथे कामाचा नाही. मॉडबस टीसीपीच्या (नेटवर्कवरच्या मॉडबसच्या) हेडरमध्ये निदान २ बाइटचा ट्रान्झॅक्शन क्रमांक असतो, आरटीयूत तोही नाही.

म्हणून क्रमांकाची सोय मीच करतो. सलग तीन होल्डिंग रजिस्टर (मास्टरला लिहिता येणारी): कमांड कोड, मात्रा, क्रमांक. मात्रा ०.१ मिलीच्या पटीत, म्हणजे ५० मिलीला ५००. एका १६ बिट रजिस्टरमध्ये ६५५३.५ मिलीपर्यंत मावतं आणि दोन रजिस्टर जोडून ३२ बिट केले तर त्यातलं कुठलं आधी हा वाद उरत नाही. तिन्ही रजिस्टर फंक्शन १६ ने एकाच फ्रेममध्ये लिहायची. फंक्शन ६ ने एकेक लिहिली तर नव्या कोडला जुनी मात्रा चिकटते. या पत्त्यांवर फंक्शन ६ आलं की उत्तर एक्सेप्शन २ (चुकीचा पत्ता). पत्ता ० वरच्या ब्रॉडकास्टला (सगळ्यांना एकदम पाठवलेल्या फ्रेमला) उत्तरच नसतं, तिथली कमांड सरळ टाकून द्यायची.

आलेला क्रमांक मागचाच असेल तर पंपाला हात न लावता नेहमीचं उत्तर पाठवायचं. नवा असेल तर पंप चालू करण्याआधी तो एफरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहायचा. हा क्रम उलटा झाला आणि मधेच वीज गेली, तर डोस पुन्हा पडतो.

उत्तराचा अर्थ ‘घेतली’ एवढाच, ‘झाली’ नव्हे. डोस चालू असताना दुसरी कमांड आली तर एक्सेप्शन ६ (उपकरण व्यस्त). शेवटचा घेतलेला क्रमांक, शेवटचा पूर्ण झालेला क्रमांक आणि निकाल यांना वेगळी इनपुट रजिस्टर (मास्टरला फक्त वाचता येणारी) देतो. मास्टर रीस्टार्ट झाला तर त्याने आधी तीच वाचावीत आणि पुढच्या क्रमांकापासून सुरुवात करावी.

चाचणीत उत्तराची फ्रेम मुद्दाम गाळतो, डोस चालू असताना कंट्रोलरची वीज काढतो, आणि प्रत्येक वेळी मोजपात्रात किती पडलं ते बघतो.