रँचो सॅन अँटोनियो: घंटी घेऊ नका, पोरांना मधे ठेवा

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोजवळच्या रँचो सॅन अँटोनियो या राखीव रानात डिअर हॉलो फार्मपर्यंतची वाट रुंद आणि गर्दीची आहे, आजी-आजोबांनाही झेपते. तिच्याबद्दल एवढंच. खरा विषय त्यामागची वाइल्डकॅट लूप ही गोल वाट. फेब्रुवारी २०२० मध्ये ६ वर्षांच्या मुलीवर माउंटन लायनने (प्यूमा, एक मोठं रानमांजर) इथेच झडप घातली, तीही दिवसाढवळ्या, मोठी माणसं बरोबर असताना. त्यांच्यातल्या एकाने जनावराला ढकललं म्हणून निभावलं.

याच वाटेसाठी दुकानदाराने आम्हाला अस्वलांना दूर ठेवायची घंटी आणि बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) गळ्यात मारला. घंटी साफ निरुपयोगी. स्प्रेचा माउंटन लायनवर उपयोग होतो, पण पट्ट्याला हाताशी असेल तरच. सॅकच्या तळाशी असेल तर नाही. शिवाय तो विमानात नेता येत नाही, चेक-इन बॅगेतही नाही, आणि योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात त्यावर बंदीच आहे. पुढे तिकडे जाणार असाल तर पैसे पाण्यात.

त्यापेक्षा चालण्याची रीत सांभाळा. पोरं पुढे पळत सुटतात किंवा मागे रेंगाळतात, तिथेच धोका आहे. एक मोठा पुढे, एक मागे, पोरं मधे. हे जनावर मागून येऊन मान धरतं, म्हणून इअरफोन काढा. पहाटे आणि संध्याकाळी ते जास्त फिरतं. वळणावळणाच्या या वाटेवर तेव्हा एकट्याने धावायला जाणं चूकच. पालापाचोळ्याने झाकलेलं मेलेलं हरीण दिसलं तर आल्या वाटेने परत फिरा. ती त्याची शिकार असते, तो जवळच असतो.

समोर आलाच तर पळू नका आणि वाकूही नका. वाकलेला माणूस त्याला चार पायांचं सावज वाटतो. म्हणून पोराला उचलताना पाठ फिरवायची नाही. नजर त्याच्यावर ठेवून, गुडघ्यांत किंचित दुमडून, दंडाला धरून वर ओढायचं. ही हालचाल घरीच करून बघा, दमलेल्या पायांना ऐनवेळी जमत नाही. मग हात वर, जॅकेट पसरलेलं, आवाज खणखणीत, आणि हळूहळू मागे. त्याला निसटायला वाट मोकळी ठेवा. तरी पुढे आला तर हातातली बाटली, काठी फेका. अंगावर आला तर मेल्याचं सोंग अजिबात नको: उभे राहा, सॅक पाठीवरच ठेवा, मान झाका, डोळ्यांवर आणि नाकावर मारा.

मार्च २०२४ मध्ये एल डोराडो काउंटीत माउंटन लायनच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. कॅलिफोर्नियातला २००४ नंतरचा तो पहिला बळी. हल्ले विरळाच, पण वाइल्डकॅट लूपला लहान पोरांसह एकटा मोठा माणूस जात असेल तर माझं स्पष्ट मत: फार्मवरूनच परत या.