गोव्यात हणजूणच्या (अंजुना) खडकांवर सूर्यास्त टिपायचा तर तिथी बघून जा

‘सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा, बस’ हा सल्ला हणजूणसाठी साफ चुकीचा आहे. त्याच भरवशावर दशमीला गेलो आणि ज्या खडकांसाठी ट्रायपॉड वागवत नेला होता, ते जवळजवळ सगळे पाण्याखाली.

कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला 6 वाजता, दशमीला साडेसातला. हा हिशेब मुंबईकडचा. गोव्यात भरती त्याच्या तासभर आधी येते, म्हणजे दशमीला ऐन सूर्यास्ताच्या वेळी पाणी काठोकाठ. अमावास्या-पौर्णिमेची ओहोटी मोठी खरी, पण ती पाचच्या आसपास संपते आणि सूर्य बुडेपर्यंत पाणी परत फिरलेलं असतं. सर्वांत चांगल्या द्वितीया आणि तृतीया. सूर्याबरोबर पाणीही उतरत असतं, ओले खडक एकेक करून उघडे पडतात आणि खळग्यांत आकाशाचा रंग साठतो. नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. वेळेशेजारचा उंचीचा आकडाही वाचा, कारण दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात.

आता वाईट टप्पा, खडकांवरून चालण्याचा. वरचा कोरडा जांभा दगड खरखरीत आहे, पाय धरतो. त्याखालचा हिरवट पट्टा घातकी. शेवाळ इतकं पातळ की संध्याकाळच्या तांबूस उजेडात खडक नुसता ओला वाटतो, आणि पाय टाकला की गेलाच. त्याच्याही खाली खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा, तोल सावरायला हात टेकला की कापतात. म्हणून सूर्यास्ताच्या दीड तास आधी पोचा, उजेड असतानाच जागा ठरवा आणि परतीची वाट एकदा चालून बघा. जागेवर दहा मिनिटं नुसतं उभं राहून सर्वांत मोठी लाट कुठवर येते ते पाहा. पाणी चढत असेल तर सूर्य टेकला की उठायचं, त्यानंतरचा रंग वाळूवरून टिपायचा. कपाळाला बांधायची बॅटरी हवीच. मोबाइलचा टॉर्च धरला की एक हात अडकतो. ट्रायपॉडचे पाय वाळूत असतील तर प्रत्येक परतणारी लाट त्यांच्याखालची वाळू ओढते आणि लांब एक्स्पोजर (शटर जास्त वेळ उघडं ठेवून घेतलेला फोटो) हलतं. आधीच दाबून खोल रुतवा.

डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे 24 अंश दक्षिणेला बुडतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. मे महिन्यात काढलेला फोटो पाहून डिसेंबरात तीच चौकट शोधू नका. लाट परतताना पाण्याच्या रेघा हव्या असतील तर शटर पाव ते एक सेकंद उघडं ठेवा. 30 सेकंदांत सगळं धुकं होतं, आणि हणजूणच्या खडकांना ते शोभत नाही. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/11 पुरे, एफ/16 च्या पुढे तपशील मऊ पडतो. आकाशाचा उजेड आणि खडकांचा अंधार एका फ्रेममध्ये मावत नाहीत, म्हणून दोन स्टॉप कमी, बरोबर आणि दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अशा तीन रॉ फ्रेम घ्या आणि नंतर जोडा. हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) लाल चॅनेल वेगळा बघा. एकूण आलेख ठीक दिसतो तेव्हाही लाल फाटलेला असतो आणि सूर्याभोवती सपाट पिवळा डाग पडतो, तो एडिटिंगमध्ये परत येत नाही. पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) सूर्याच्या दिशेच्या आकाशावर जवळजवळ काही करत नाही, काढून ठेवा. उजेड कमी करणारा एनडी फिल्टर स्वस्तातला घेऊच नका. त्याचा तपकिरी रंग आकाशातून निघतो, पण ओल्या खडकात राहतो.

एडिटिंगमध्ये ऑटो व्हाइट बॅलन्स हा पहिला शत्रू, संध्याकाळ धुऊन टाकतो. 5500 केल्विनपासून सुरुवात करा. सॅच्युरेशन सगळीकडे वाढवू नका, जांभा विटेसारखा दिसू लागतो. आकाशावर मास्क टाकून (फक्त तेवढाच भाग निवडून) हायलाइट खाली आणा, खडकांच्या सावल्या थोड्याच उचला. संध्याकाळी त्या काळ्याच असतात.

सूर्य बुडाल्यावर लगेच गाशा गुंडाळू नका. चांगला रंग बरेचदा दहा-पंधरा मिनिटांनी चढतो. पण आपल्याकडे फोटोच्या कामाचा संधिप्रकाश वीसेक मिनिटांत संपतो, तेव्हा लेन्स बदलत बसायला वेळ नाही.

शापोरा किल्ल्यावर गर्दी फार, फोटो साधारण. दक्षिण गोव्यातले पाळोळे, आगोंद हे किनारे सोपे, कुणीही करेल.

स्कूटर भाड्याने घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची स्वस्त मिळते, पोलिसांनी अडवलं की दंड भाड्याच्या कितीतरी पट. खोलीत एसी असेल तर कॅमेरा अर्धा तास आधी बंद बॅगेतच बाहेर ठेवा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. खारे तुषार उडाले तर कोरड्या कापडाने घासू नका, आधी ओलसर फडक्याने टिपा. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा. सकाळपर्यंत थांबलात तर सांध्यांत वाळू आणि मीठ दोन्ही बसतात.