एसेन: खाणी बंद, पंप चालू

जर्मनीतल्या एसेन स्टेशनवरून १०७ नंबरची ट्राम थेट झोलफेराइन या जुन्या कोळसा खाणीला नेते. उतरलं की समोर १२ नंबरच्या शाफ्टचा, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवरावरचा, ५५ मीटर उंच लोखंडी मनोरा. १९३२ साली तो सुरू झाला तेव्हा इथून दिवसाला १२ हजार टन कोळसा वर येई. १९८६ मध्ये खाण बंद झाली, २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथे चढायला भगभगीत नारिंगी सरकता जिना. मला तरी तो भडक वाटला.

एसेन ज्या रूर भागात आहे तिथला कोळसा खोल, त्यामुळे महाग. १९५८ पासून तेल आणि परदेशी कोळसा स्वस्तात यायला लागला आणि खाणींना उतरती कळा लागली. त्याआधी देशभरात या धंद्यात सहा लाखांच्या आसपास माणसं होती. १९६८ मध्ये बहुतेक खाणी एका कंपनीत आणल्या, मग एकेक मिटवत नेल्या. वयस्कांना पन्नाशीतच पेन्शन, तरुणांची दुसऱ्या खाणीत बदली. उघड्यावर कुणाला टाकायचं नाही, असं ठरलेलं. सरकारी अनुदान अब्जावधींत गेलं. उधळपट्टी म्हणणारे तिथेही आहेत, मला मात्र तो पैसा सार्थकी लागला असं वाटतं. २००७ मध्ये अनुदानाला मुदत घातली आणि २१ डिसेंबर २०१८ रोजी शेजारच्या बोट्रोप शहरातल्या प्रोस्पर-हानिएल खाणीतलं कोळशाचं शेवटचं ढेकूळ राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती दिलं.

पण हिशेब तिथे मिटत नाही. खालचा कोळसा काढल्यामुळे एसेनची जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त खचली आहे. पंप थांबले तर वस्त्यांमध्ये पाणी साचेल, म्हणून उपसा कायमचा. त्यासाठी वेगळा ट्रस्ट आहे. एम्शर नदीचीही हीच कथा: जमीन खचत असताना गटाराचे पाइप टिकेनात, म्हणून शंभरेक वर्षं साऱ्या भागाचं सांडपाणी या उघड्या नदीतूनच वाहिलं. खाणकाम सरल्यावर कुठे भुयारी गटार बांधता आलं, आणि २०२१ अखेर नदीत सांडपाणी जाणं थांबलं.

बोट्रोपला खाणीच्या राबिटाच्या टेकडीवर लोखंडी टेट्राएडर, म्हणजे चढून जाता येणारा पिरॅमिडसारखा सांगाडा, उभा आहे. त्याच्या जाळीच्या पायऱ्यांवर माझे पाय लटपटले. वरून शेजारचा कोक (कोळसा भाजून केलेलं पोलादभट्टीचं इंधन) बनवणारा कारखाना दिसतो. तो चालूच आहे, कोळसा परदेशातून येतो.