दुसरी सीडी

रविवार, रात्री उशिरा.

जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बँडच्या ‘अननोन प्लेझर्स’ या पहिल्या अल्बमची दोन सीड्यांची आवृत्ती आज सलग ऐकली. पहिली सीडी म्हणजे मूळ अल्बम, ती पाठच आहे. दुसरी इतकी वर्षं टाळली, कारण ‘बोनस’ म्हटलं की माझ्या कपाळावर आठी पडते. अर्धवट डेमो आणि त्याच गाण्याचे तीन अवतार, उरलंसुरलं खपवायची सोय! २००७ सालच्या या आवृत्तीत तसलं काही नाही. एकच लाइव्ह कार्यक्रम आहे: १३ जुलै १९७९, मँचेस्टर, ‘द फॅक्टरी’ क्लब. अल्बम बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता.

आणि हा वेगळाच बँड निघाला. गिटार अंगावर येते, ड्रम्स धाडधाड कोसळतात, गायक इयन कर्टिस ओरडतो. यात उदासी कुठे आहे? ही तर पंक ऐकून वाढलेली, विशीतली चिडलेली पोरं.

मग पहिली सीडी पुन्हा लावली, आणि त्या स्टुडिओत काय घडलं असेल ते पहिल्यांदा कानाला कळलं. रेकॉर्डिंग एप्रिल १९७९चं, स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत. निर्माता मार्टिन हॅनेट. या माणसाने ड्रमर स्टीफन मॉरिसला ड्रम्सचे तुकडे वेगवेगळे वाजवायला लावले, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये सांडायला नको. वर डिजिटल डिले, म्हणजे आवाज किंचित उशिराने पुन्हा उमटवणारं यंत्र. ‘इनसाइट’च्या सुरुवातीला ऐकू येते ती लिफ्ट, शेवटच्या गाण्यात फुटते ती काच. गिटार मागे ढकलली, पीटर हुकचा वरच्या पट्टीतला बास पुढे आणला, आणि मधे पोकळी सोडली. ही पोकळीच आपण सगळे दुःख म्हणून ऐकत आलो. हुक आणि गिटार वाजवणारा बर्नार्ड समनर या आवाजावर नाराज होते. स्टेजवरची आपली धार बोथट केली, असं त्यांचं म्हणणं. दुसरी सीडी म्हणजे त्यांनी मांडलेली बाजूच. ती ऐकून त्यांचा राग समजतो. तरी माझं मत हॅनेटच्याच पारड्यात. असे चिडलेले बँड तेव्हा इंग्लंडात पैशाला पासरी होते.

‘शीज लॉस्ट कंट्रोल’पाशी मात्र दोन्ही सीड्या सारख्याच अंगावर येतात. मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात काम करताना कर्टिसला फिट्स येणारी एक तरुणी भेटली होती, तिच्यावरचं हे गाणं. पुढे त्याला स्वतःलाच अपस्माराचं निदान झालं. १८ मे १९८०ला, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, त्याने आयुष्य संपवलं. वय २३. तेव्हापासून हा अल्बम सगळे मागून पुढे ऐकतात, प्रत्येक ओळीत खुणा शोधत. मीही तेच करते. त्या रात्रीच्या क्लबमधल्या लोकांच्या डोक्यात असलं काही नव्हतं. शुक्रवार होता, माणसं नाचायला आली असणार.

(मुखपृष्ठावरच्या त्या पांढऱ्या लाटा म्हणजे सीपी १९१९ या पल्सारचे (ठरावीक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्याचे) स्पंद, १९६७ साली जॉसलिन बेल यांना सापडलेला पहिला पल्सार. समनरला आकृती खगोलशास्त्राच्या एका कोशात दिसली, डिझायनर पीटर सॅव्हिलने ती काळ्यावर पांढरी केली. बँडचं नाव पुढे नाहीच. आपल्याकडे नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीही पल्सारच ऐकत बसलेल्या असतात, हे आठवून मला उगाच आपुलकी वाटते.)

दुसऱ्या सीडीचा ऐवज माझ्या मते आणखी एका गोष्टीत आहे. तिच्यात पदार्पणाच्या अल्बमबाहेरचीही गाणी आहेत. सुरुवात ‘डेड सोल्स’ने होते. ‘ट्रान्समिशन’ आहे, जे सिंगल म्हणून नोव्हेंबरमध्ये आलं. ‘अ‍ॅट्रॉसिटी एक्झिबिशन’ही आहे, जे पुढच्या जुलैत ‘क्लोजर’ या दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं झालं. पहिला अल्बम दुकानात नवाकोरा आणि हे पुढच्याची तयारी करून बसलेले. सगळा अल्बम क्रमाने वाजवून दाखवण्याची हौस तेव्हा कुणाला नव्हती, ती अलीकडची.

भाच्याच्या अंगात या मुखपृष्ठाचा टी-शर्ट असतो, गाणी त्याने ऐकलेली नाहीत. त्याला सीड्या देणार आहे, पण आधी दुसरी लाव म्हणून सांगेन.