परिषदेचं पोस्टर: मापापासून टाचणीपर्यंत माझा अनुभव

संशोधन परिषदेत आपलं काम ज्या पोस्टरवर मांडायचं, त्याचं माप पत्रकात कुठंतरी कोपऱ्यात दिलेलं असतं. मी आधी ते शोधतो. परभणी असो, नांदेड असो की संभाजीनगर, आपल्याकडे फ्लेक्सवाला फुटात बोलतो, त्यामुळे ३ × ४ फूट हे माप हमखास दिसतं. मोठ्या परिषदांना ए-० लागतं, म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. दोन्ही जवळपास सारखीच वाटतात, पण ३ × ४ फूट म्हणजे ९१४ × १२१९ मिलिमीटर. ए-० ची फाइल दुकानात ३ × ४ वर ताणून बसवली की अक्षरं आडवी फुगतात आणि वर्तुळाचं अंडं होतं. उभं की आडवं, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं, कारण बोर्ड उभा आणि पोस्टर आडवं निघालं तर शेजाऱ्याच्या हद्दीत घुसावं लागतं.

पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचं माप पहिल्यांदा टाकायचं, मजकूर नंतर. ५६ इंचांपर्यंत माप घेता येतं, त्यामुळे ३६ × ४८ इंच आरामात बसतं. सेटिंगमध्ये जाऊन फोटो आपोआप दाबण्याची सोय बंद करावी. चालू राहिली तर पडद्यावर छान दिसणारा पिकाचा फोटो फ्लेक्सवर चौकड्या-चौकड्यांचा येतो. फोटो छापायच्या मापाला किमान १५० डीपीआय, म्हणजे इंचाला १५० ठिपके, हवा. एक फूट रुंद फोटोला १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीत बहुतेक वेळा तेवढे उरत नाहीत, तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

पोस्टर वाचणारा चार-पाच फुटांवर उभा असतो, हातात चहाचा कप असतो आणि पुढं अजून तीस पोस्टरं असतात. माझी सगळी मापं या माणसाकडे बघून ठरतात. शीर्षक ९० पॉइंट, उपशीर्षकं ४४ ते ४८, मजकूर ३०, आकृतीखालच्या ओळी २४. बऱ्याच फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर त्याच पॉइंटच्या इंग्रजी अक्षरापेक्षा बारीक दिसतं, म्हणून मराठी मजकूर ३२ वर नेतो आणि ओळींत सव्वापट अंतर ठेवतो. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. एवढं अक्षर ठेवलं की ३००-४०० शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि मावूही नयेत. प्रस्तावना चार ओळींत आटोपते. संदर्भ दोन-तीन पुरेत.

शीर्षकात निष्कर्ष हवा. ‘मराठवाड्यातील सोयाबीनच्या विविध पेरणी पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास’ वाचून कुणी थांबत नाही. आकडे तसं सांगत असतील तर ‘रुंद वरंबा सरीवरच्या सोयाबीनने पावसाचा खंड जास्त दिवस सोसला’ असं लिहावं.

सर्वात जास्त वेळ आलेखावर जातो आणि तो जायलाच हवा. प्रबंधातला तक्ता जसाच्या तसा चिकटवण्याची सवय कृषी महाविद्यालयांत फार. आठ स्तंभ, खाली सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक खरा मानायला तो किमान केवढा हवा, तो आकडा), आणि ओळींची नावं टी१, टी२, टी३. टी३ म्हणजे काय, हे फक्त विद्यार्थ्याला आणि मार्गदर्शकाला माहीत! त्या तक्त्यातला उत्पादनाचा एकच स्तंभ उचलावा, त्याचा दांड्यांचा आलेख करावा आणि प्रत्येक दांड्याखाली ‘सपाट पेरणी’, ‘रुंद वरंबा सरी’ असं सरळ लिहावं. बाजूला रंगांची वेगळी सूची नको. नजर सारखी इकडून तिकडे पळते. सी.डी. आलेखाच्याच मापाने एका कोपऱ्यात उभ्या रेषेने दाखवली की कोणता फरक खरा आणि कोणता नुसता दिसणारा, हे बघणारा स्वतः ताडतो. त्रिमितीय दांडे नकोत, त्यांची उंची नेमकी कुठं संपते ते कळत नाही. लाल-हिरवी जोडीही टाळावी, काहींना त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही. निळा-नारिंगी चालतो.

मागे महाविद्यालयाच्या इमारतीचा फिका फोटो, वर चार बोधचिन्हं, प्राचार्यांचा पासपोर्ट फोटो... हा वाढदिवसाचा फ्लेक्स नव्हे. पार्श्वभूमी पांढरी, बोधचिन्हं दोन.

खरी गडबड छपाईच्या दुकानात होते. तिथं फाइल कोरल ड्रॉमध्ये उघडतात आणि तुमचा युनिकोड फॉन्ट त्यांच्याकडे नसला तर जोडाक्षरं फुटतात, ‘र्‍हास’मधला अर्धा र भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून फॉन्ट आत घेतलेली पीडीएफच द्यावी आणि ‘यात काही बदलू नका’ असं स्पष्ट सांगावं. पडद्यावरचा झगझगीत निळा छापून मळकट जांभळट येतो, तेव्हा गडद निळा निवडावा. चारही कडांना दोन इंच कोरे सोडावेत, कारण रिंगा ठोकताना एक इंच जातोच. चकाकत्या फ्लेक्सवर ट्यूबलाइटची तिरीप पडते. मॅट मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा.

छापायला टाकण्याआधी तेच पोस्टर ए-४ कागदावर काढून पाहतो. ए-० चं ए-४ होताना लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते, म्हणजे २८ पॉइंटचं अक्षर ७ चं. तो कागद हातभर अंतरावरून वाचता आला तर बोर्डावरचं पोस्टर पाच फुटांवरून वाचता येतं. ३ × ४ लाही ही चाचणी साधारण लागू पडते.

नेताना छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळावं. उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीशी ठेवलेला फ्लेक्स आतल्या बाजूने वळला की बोर्डावर कडा पुढं येतात आणि दिवसभर दाबत बसावं लागतं. दुहेरी चिकटपट्टी कापडी बोर्डावर टिकत नाही. टाचण्या, बाइंडर क्लिप आणि हातभर सुतळी सोबत असावी. परीक्षक पहिला प्रश्न बहुतेक हाच विचारतात: किती हंगाम, किती पुनरावृत्ती, प्लॉट केवढा? ही तीन उत्तरं मी आलेखाखालीच २४ पॉइंटमध्ये छापतो.